पहिल्या मस्टँगचं पुढचं सस्पेन्शन: सुरुवात कुठून करायची

१९६५ किंवा १९६६ ची फोर्ड मस्टँग पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला दोन गोष्टी लगेच जाणवतात. सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सारखं सावरत राहावं लागतं, आणि वळणावर जरा वेग असला की पुढचं बाहेरचं चाक तिरकं होऊन टायर कडेवर घासायला लागतो. बहुतेक जण यावर कडक स्प्रिंग आणि महागडे शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणून बसवतात. गाडी दणके द्यायला लागते, पण वळणावरचं दुखणं तसंच राहतं. मूळ दोष वरचा आर्म, म्हणजे चाकाला वरून धरणारा झुलता हात, ज्या उंचीवर बसवला आहे तिथे आहे. म्हणून आधी झिजलेलं बदला, मग आर्मची जागा बदला, आणि कडकपणाकडे त्यानंतर वळा. हा क्रम पाळला तर खर्च कमी होतो आणि पहिल्याच खेपेला गाडीत फरक दिसतो.

मस्टँगला मसल कार (दणकट इंजिनची ताकदवान गाडी) म्हणायचं की पोनी कार (लहान, स्पोर्टी गाडी), हा वाद अमेरिकेत जुना आहे. आपल्याला त्यात पडायचं नाही. हा लेख १९६५-६६ च्या गाडीपुरता आहे, कारण नवख्याने हात घालावा अशी ती सगळ्यात सोयीची गाडी आहे: सुटे भाग अजून सहज मिळतात, आणि फोर्डने छापलेलं त्या सालचं शॉप मॅन्युअल पुनर्मुद्रित स्वरूपात विकत मिळतं. १९६७ ते १९७० च्या मस्टँगची रचना याच घराण्यातली आहे, पण आर्मची नवी भोकं पाडायचा टेम्प्लेट (साचा) आणि अलाइनमेंटची, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याची, पद्धत वेगळी. शेव्हरलेची कॅमारो किंवा शेव्हेल असेल तर स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते, आणि त्या काळातल्या डॉज-प्लिमथला पुढे कॉइल स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्या) असतात. त्या गाड्यांना इथल्या पायऱ्या जशाच्या तशा लावू नका.

गाडी नेमकी कोणती ते बघा

ड्रायव्हरच्या बाजूला (या अमेरिकन गाडीत डावीकडे), मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर गाडीचा क्रमांक ठोकलेला असतो. पहिला आकडा साल सांगतो, दुसरं अक्षर कारखाना (एफ म्हणजे डिअरबॉर्न, आर म्हणजे सॅन होजे, टी म्हणजे मेटचन) आणि पाचवं अक्षर इंजिन. तिथे सी, ए किंवा के असेल तर गाडी २८९ क्युबिक इंचाचं व्ही-८ घेऊन कारखान्यातून निघाली. टी असेल तर मुळात सहा सिलिंडरची.

याला महत्त्व आहे, कारण सहा सिलिंडरच्या कितीतरी गाड्यांत पुढे कुणीतरी व्ही-८ बसवलं आणि खालचं सगळं तसंच ठेवलं. सहा सिलिंडरच्या गाडीचे स्पिंडल (चाक ज्यावर फिरतं तो भाग) हलके, ब्रेक लहान आणि चाकाला चार बोल्ट. व्ही-८ ला पाच. समोर व्ही-८ आणि चाकाला चारच बोल्ट दिसले, तर बाकी काहीही घेण्याआधी व्ही-८ चे स्पिंडल, ब्रेक आणि त्यांना जुळणारे टाय रॉड (स्टिअरिंगची ओढ चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्या) घ्या. त्याच वेळी डिस्क ब्रेक करून टाकणं शहाणपणाचं, कारण दोन्ही कामांना चाकाकडची तीच जुळणी उघडावी लागते.

रचना समजून घ्या

या गाडीला वेगळी चेसिस नाही, बॉडीच सगळा भार घेते. इंजिनच्या दोन्ही बाजूंना पत्र्याचे दोन मनोरे आहेत, त्यांना शॉक टॉवर म्हणतात. वरचा आर्म इंग्रजी ए अक्षराच्या आकाराचा. तो टॉवरला दोन बोल्टांनी बाहेरून बसतो आणि त्या बोल्टांचे नट इंजिनच्या बाजूला येतात. या आर्मच्या पाठीवर एक छोटी बैठक असते, तिला पर्च म्हणतात. स्प्रिंगचं खालचं टोक पर्चवर आणि वरचं टोक टॉवरच्या टोपीत. शॉक स्प्रिंगच्या पोटातून जातो.

खालचा आर्म एकाच बुशवर (सांध्यातल्या बाहीवर) झुलणारी साधी दांडी आहे. तो पुढे-मागे हलू नये म्हणून त्याला एक स्ट्रट रॉड जोडलेला असतो, जो पुढे जाऊन रबराच्या दोन बुशांमध्ये धरला जातो. मस्टँग ज्या फाल्कनच्या पायावर उभी राहिली, ती १९६० सालची काटकसरीची छोटी गाडी होती. रचना तिच्याच मापाची आहे.

आता दोष. मूळ जागी बसवलेल्या वरच्या आर्ममुळे, चाक वर उचललं गेलं की त्याचा माथा बाहेरच्या बाजूला कलतो. वळणावर बॉडी बाहेर झुकते, बाहेरचं चाक वर जातं आणि नेमकं तेव्हाच ते चुकीच्या दिशेला कलतं. टायरचा पूर्ण तळवा रस्त्यावर टेकायला हवा त्या क्षणी तो फक्त कडेवर उभा असतो. फोर्डमधले इंजिनिअर क्लाउस आर्निंग यांनी यावर तोडगा काढला: वरच्या आर्मचे बोल्ट टॉवरवर १ इंच खाली घ्यायचे. रेसिंगमधले कॅरल शेल्बी यांनी मस्टँगवरून केलेल्या १९६५ च्या जीटी ३५० मध्ये तो वापरला, म्हणून आज याला शेल्बी ड्रॉप किंवा आर्निंग ड्रॉप म्हणतात. १९६६ च्या सुरुवातीच्या जीटी ३५० मध्येही तो होता, पुढे खर्च वाचवायला काढून टाकला. खरेदी काहीच नाही, दोन्ही बाजूंना दोन-दोन भोकं. या गाडीवर पैशाच्या मानाने एवढा फायदा देणारं दुसरं काम मला माहीत नाही.

पाहणी

जॅक लावण्याआधी टॉर्च घेऊन एक संध्याकाळ फक्त बघण्यात घालवा. टॉवरला वरचा आर्म जिथे बसतो त्या भोकांभोवती बारीक तडे आहेत का? रंगाखाली तडा केसासारखा दिसतो, म्हणून वायर ब्रशने तेवढी जागा उघडी करा. प्रवाशाच्या बाजूला (म्हणजे उजवीकडे) पुढे बॅटरी बसते. साठ वर्षांत गळलेल्या अ‍ॅसिडने तिच्या खालचा पत्रा आणि त्याखालची रेल (बॉडीचा भार घेणारी लांब पेटी) खाल्लेली असू शकते. स्ट्रट रॉड जिथे धरला जातो तिथला पत्रा स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघा. टोक आत गेलं तर आधी वेल्डिंगवाल्याकडे जा. गंजक्या पत्र्यावर नवं सस्पेन्शन बसवू नका.

मिशिगनसारख्या राज्यात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे तिथे आयुष्य काढलेल्या गाडीत हे हमखास सापडतं. त्याच मिठामुळे जपलेल्या गाड्या तिथे हिवाळाभर गॅरेजमध्येच उभ्या असतात. हे काम करायचा तोच खरा मोसम, म्हणजे ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटजवळ वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर १९९५ पासून भरणाऱ्या ड्रीम क्रूझपर्यंत, म्हणजे जुन्या गाड्यांच्या जत्रेपर्यंत, गाडी तयार असते.

काय घ्यायचं, काय नाही

पूर्ण वरचे आर्म आणि पूर्ण खालचे आर्म, बुश आणि बॉल जॉइंटसकट (आर्मला स्पिंडलशी जोडणाऱ्या गोल सांध्यासकट) घ्या. जुन्या वरच्या आर्मचा बॉल जॉइंट रिव्हेटने बसवलेला असतो. ते रिव्हेट घासून काढत बसण्यात नवख्याचा दिवस जातो. त्यासोबत स्ट्रट रॉडचे बुश, टाय रॉडची टोकं आणि आयडलर आर्म (स्टिअरिंगच्या दांड्यांना दुसऱ्या बाजूने आधार देणारा हात).

पर्चवर दोन पैसे जास्त घालवा. मूळ पर्च रबराच्या बुशवर फिरतो, आणि फिरतो म्हणजे रबर पिळतो. त्याचा विरोध सतत स्प्रिंगमध्ये मिसळत राहतो, आणि रबर म्हातारं झालं की प्रत्येक खड्ड्याला कुंईकुंई सुरू होते. बेअरिंग असलेले रोलर पर्च घेतले की पुढचं चाक लहान खाचखळगे सहज पार करतं. स्प्रिंग कडक न करता मिळालेली ही सुधारणा आहे, म्हणून मला ती विशेष आवडते.

पॉलियुरेथेन बुश सगळीकडे लावायचा मोह होईल. अँटी-रोल बारला (वळणावर बॉडीचं झुकणं कमी करणाऱ्या दांडीला) खुशाल लावा. स्ट्रट रॉडला मात्र लावू नका. चाक वर-खाली होताना त्या रॉडला आपल्या टोकाशी थोडा कोन बदलावा लागतो. रबर ते करू देतं, कडक पॉलियुरेथेन नाही. मग कोन बदलण्याऐवजी रॉडच वाकत राहतो, आणि रोज थोडं-थोडं वाकणारं लोखंड एक दिवस आट्यांच्या मुळाशी तुटतं. ब्रेक दाबताना स्ट्रट रॉड तुटला तर चाक मागे फेकलं जातं. चांगलं रबर घ्या, किंवा गोल बेअरिंगचे, लांबी कमी-जास्त करता येणारे रॉड घ्या.

स्प्रिंग बदलायच्याच असतील तर गाडी सुमारे एक इंच खाली आणणाऱ्या, मूळपेक्षा थोड्या कडक स्प्रिंग रस्त्यासाठी पुरतात. लक्षात असू द्या, ड्रॉप केल्यानेच गाडी पुढून साधारण ५/८ इंच खाली बसते. दोन्हीची बेरीज करून ठरवा.

टॉवर कापून नंतरच्या मस्टँग-२ गाडीच्या पद्धतीचं, रॅक-अँड-पिनिअन स्टिअरिंगचं सस्पेन्शन बसवायची किट मिळते. मोठं इंजिन बसवायला जागा हवी असेल तर तिचा उपयोग आहे. धडधाकट टॉवर असलेल्या गाडीला, पहिल्याच कामात, ती लावू नका. टॉवर हा बॉडीच्या भार घेणाऱ्या सांगाड्याचा भाग आहे, आणि एकदा कापला की मागे फिरता येत नाही.

हत्यारं

सगळे नट-बोल्ट इंचात आहेत. भारतात मिलिमीटरच्या पान्यांवर हात बसलेला असेल तर ते पाने बाजूला ठेवा. १३ चा पाना १/२ इंचाच्या नटावर बसतो खरा, पण गंजलेला नट गोल करून टाकतो. १/२, ९/१६ आणि ३/४ इंचाचे पाने आणि सॉकेट सतत लागतील. शिवाय टॉर्क रेंच, बॉल जॉइंट सोडवायचा पुलर, चांगल्या वजनाचा हातोडा, ग्रीस गन आणि भक्कम जॅक स्टँड.

सगळ्यात महत्त्वाचं हत्यार म्हणजे स्प्रिंग कॉम्प्रेसर. स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक एकाच जुळणीत असलेल्या) गाड्यांसाठी मिळणारे, स्प्रिंगला बाहेरून दोन बाजूंनी पकडणारे कॉम्प्रेसर इथे चालत नाहीत. टॉवरच्या आत त्यांना जागाच नाही. याच गाड्यांसाठी बनवलेला, स्प्रिंगच्या पोटातून जाणारा कॉम्प्रेसर घ्या किंवा भाड्याने आणा.

स्प्रिंग काढणं

मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. जॅक स्टँड बॉडीच्या रेलखाली द्या, आर्मखाली नाही. आर्म मोकळे लोंबायला हवेत. चाक काढा. वर इंजिनच्या बाजूने शॉकच्या टोपीचे तीन नट, खाली पर्चवरचे दोन नट काढून शॉक आणि टोपी दोन्ही उचलून घ्या.

आता कॉम्प्रेसर. त्याच्या आट्यांना आधी भरपूर ग्रीस लावा. कोरड्या आट्यांवर एवढा दाब आला की ते ओरबाडले जातात आणि मग तो ना पुढे जातो ना मागे. आकडे स्प्रिंगच्या वेढ्यात पूर्ण बसले आहेत का, हे आरसा धरून बघा. स्प्रिंगमधून एक साखळी ओवून टॉवरला अडकवून ठेवा. हाताच्या पान्याने सावकाश फिरवा, इम्पॅक्ट गन लावू नका. आणि काम चालू असताना तुमचं तोंड, छाती, हात स्प्रिंगच्या रेषेत येऊ देऊ नका. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये हाड मोडण्याइतकी ताकद साठलेली असते. या लेखातला एकच परिच्छेद लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा.

स्प्रिंग पर्चवरून सुटी झाली की खालच्या आर्मला आधार द्या. मग इंजिनच्या बाजूने वरच्या आर्मचे दोन नट काढा. आर्म आणि टॉवर यांच्यामध्ये शिम असतील, म्हणजे फट भरून काढणाऱ्या पट्ट्या. कुठल्या बोल्टला किती होत्या ते लिहून प्रत्येक बोल्टच्या वेगळ्या पिशवीत ठेवा. आर्म बाहेर झुलवला की स्प्रिंगला वाट मोकळी होते. मग कॉम्प्रेसर हळूहळू सैल करून स्प्रिंग बाहेर काढा.

त्यानंतरचं सोडवणं सोपं. बॉल जॉइंटची स्प्लिट पिन काढा, नट सैल करा पण पूर्ण काढू नका, आणि पुलर लावून स्पिंडलच्या कडेला हातोड्याचा एक ठाम ठोका द्या. जोड आवाज करून सुटतो, आणि नट तिथेच असल्यामुळे काही अंगावर येत नाही.

एक इंच खाली, एक सूत मागे

नवी भोकं जुन्या भोकांच्या १ इंच खाली आणि १/८ इंच, म्हणजे एक सूत, मागे येतात. हे माप टेपने काढू नका. तयार पत्र्याचा टेम्प्लेट मिळतो, तो जुन्या भोकांना बोल्टने घट्ट बसवायचा. मागे म्हणजे गाडीच्या मागच्या दिशेला. दुसऱ्या बाजूला टेम्प्लेट उलटा होतो, तिथे पुन्हा एकदा दिशा तपासून मगच ड्रिल लावा.

सेंटर पंच मारा, १/८ इंचाने पायलट भोक पाडा, मग टप्प्याटप्प्याने वाढवत १७/३२ इंचापर्यंत जा. बोल्ट १/२ इंचाचा आहे, तेवढी मोकळीक हवी. ड्रिल टॉवरच्या पत्र्याशी काटकोनात धरा. घाई केली तर भोक लांबट होतं आणि बोल्ट सरकतो. कडा कानशीने साफ करा, उघड्या लोखंडाला लगेच प्रायमर आणि रंग द्या. जुनी भोकं बुजवायची गरज नाही. पुढे कधी गाडी मूळ रूपात न्यायची झाली तर आर्म परत तिथे जाऊ शकतो.

एक इंचापेक्षा जास्त ड्रॉपचे टेम्प्लेटही मिळतात. त्यात वरच्या बॉल जॉइंटचा कोन इतका बदलतो की तो अडकतो, आणि तो सरळ करायला वेगळी पाचर लावावी लागते. ते ट्रॅकवरच्या गाडीचं काम आहे.

जोडणी

पर्च आर्मला बसवून घ्या, आर्म ड्रॉपच्या भोकांत लावा, मग स्प्रिंग. वरच्या टोकाला रबराची नवी गादी ठेवा. स्प्रिंगचं खालचं टोक पर्चवरच्या अडथळ्याजवळ, अर्ध्या इंचाच्या आत यायला हवं. ते भलतीकडे गेलं तर स्प्रिंग वाकडी बसते आणि गाडी एका बाजूला झुकते. कॉम्प्रेसर सोडताना पुन्हा तीच सावधगिरी.

बॉल जॉइंट आणि टाय रॉडचे नट मॅन्युअलमधल्या टॉर्कने घट्ट करा, नवी स्प्लिट पिन घाला. भोक जुळलं नाही तर नट आणखी घट्ट करून जुळवायचं, सैल करून कधीच नाही.

खालच्या आर्मचा आणि स्ट्रट रॉडचा बोल्ट मात्र गाडी हवेत असताना नुसता टेकवून ठेवा. रबराचा बुश ज्या स्थितीत आवळला जातो ती त्याची आरामाची स्थिती ठरते. आर्म लोंबत असताना आवळला, तर गाडी जमिनीवर येताच रबर पिळलेलं राहतं आणि थोड्याच काळात फाटतं. चाकं लावून गाडी खाली घ्या, दोन-चारदा दाबून बसू द्या, आणि मग आवळा. त्यासाठी रॅम्पवर चढवलेली गाडी सगळ्यात सोयीची. नंतर सगळ्या निपलमध्ये ग्रीस भरा. वरच्या आर्मच्या बुशांचे निपल अडचणीत असतात, ते आर्म बसवण्याआधीच भरून घेणं सोपं.

बार आणि ब्रेस

पुढचा अँटी-रोल बार १ इंच जाडीचा घ्या. जीटी ३५० मध्येही तोच होता. बारचा कंस (ब्रॅकेट) जिथे बोल्टने बसतो तो पत्रा भक्कम आहे का बघा.

एक्सपोर्ट ब्रेस म्हणजे दोन्ही टॉवर मागच्या फायरवॉलशी (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीशी) जोडणारा एकसंध तुकडा. खराब रस्त्यांच्या देशांत जाणाऱ्या मस्टँगना फोर्ड तो लावायचा, म्हणून हे नाव. मूळ गाडीत त्याऐवजी दोन सुटे पातळ तुकडे असतात. ब्रेस बसवताना भोकं जुळली नाहीत तर त्याला शिव्या देत भोकं मोठी करू नका. बहुतेकदा टॉवरच इतक्या वर्षांत आत कललेले असतात. किती कलले ते मोजा, आणि फरक मोठा असेल तर बॉडीवाल्याकडून ते जागेवर आणून घ्या. ब्रेस असा आपोआप तपासणीचंही काम करतो. दोन टॉवरना आडवी जोडणारी माँटे कार्लो बार त्यानंतर.

अलाइनमेंट

दुकानापर्यंत जाण्यापुरती दोन्ही चाकं दोरी धरून साधारण सरळ करा आणि हळू जा. दुकानातल्या संगणकात १९६५ चे आकडे असतील. ते त्या काळच्या बायस-प्लाय (तिरक्या धाग्यांच्या) टायरसाठी होते, आजच्या रेडिअलला चालत नाहीत. आपले आकडे कागदावर लिहून न्या: कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा आत-बाहेरचा कल) उणे अर्धा अंश, कॅस्टर (बाजूने बघताना चाक वळण्याच्या अक्षाचा मागे कल) अधिक अडीच ते तीन अंश, टो (दोन्ही चाकांची पुढची टोकं एकमेकांकडे किती वळलेली) आत १/८ इंच. सरळ रस्त्यावर सतत सावरावं लागण्याचा त्रास कॅस्टर वाढवल्यावर जातो. पॉवर स्टिअरिंग नसेल तर तीन अंशांच्या पुढे जाऊ नका, पार्किंग करताना हात भरून येतील.

शिमचं गणित स्वतःला माहीत असलेलं बरं, कारण शिम लावणारा कारागीर प्रत्येक दुकानात असेलच असं नाही. दोन्ही बोल्टांवर सारखे शिम वाढवले की आर्म बाहेर येतो आणि कॅम्बर अधिककडे जातो, काढले की उणेकडे. फक्त पुढच्या बोल्टला वाढवला की वरचा बॉल जॉइंट मागे सरकतो आणि कॅस्टर वाढतो. जुन्या गाड्या करणारं दुकान शोधा, आणि आधीचे व नंतरचे आकडे छापील घ्या.

घरी आल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून टायर मडगार्डला किंवा बारला लागतो का बघा. पहिल्या दीडशे किलोमीटरनंतर वरच्या आर्मचे चारही नट, स्ट्रट रॉड आणि बारचे कंस टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. नव्या स्प्रिंग काही आठवड्यांत थोड्या बसतात, त्यामुळे महिन्याभराने टो पुन्हा मोजून घ्या.